न्यूग्रेंज: गारगोटीची भिंत आणि आतला बोळ

आयर्लंड. बॉइन नदीच्या वळणातलं हे टेकाड. समोरची पांढरी, लखलखीत भिंत बघून प्रत्येकाच्या मनात येतं, पाच हजार वर्षांचं थडगं इतकं कोरं कसं? तर ही भिंत कोरीच आहे. गेल्या शतकात, पाठीशी काँक्रीट घालून उभी केलेली.

गारगोट्या मात्र अस्सल, दक्षिणेकडच्या विकलोच्या डोंगरांतून त्या काळी आणलेल्या. उत्खनन करणाऱ्या मायकेल ओ'केलींना त्या दारापुढे पसरलेल्या सापडल्या. भिंत ढासळली असणार, असं त्यांनी धरलं. जवळच्याच नाउथच्या थडग्यापुढे अशाच गारगोट्या निघाल्या. तिथे त्या जमिनीवरच अंथरून ठेवल्यात. मला विचाराल तर नाउथचं पटतं.

असो. खरं न्यूग्रेंज आत आहे.

दारात हा आडवा दगड, अंगभर वेटोळी कोरलेला. त्याच्यामागे एकोणीस मीटरचा बोळ, दोन्हीकडे उभ्या शिळा. मध्येच अंग चोरून जावं लागतं. वरच्या छपराच्या शिळा आपल्याला खालून दिसतात, पण करामत त्यांच्या पाठीवर आहे: पावसाचं पाणी बाजूला वळावं म्हणून तिथे पन्हळी कोरल्यात. सांध्यांत जळकी माती आणि वाळू ठासलीय. त्या मातीवरूनच काळ ठरला, इ.स.पू. ३२०० च्या आसपास. शेवटच्या खोलीचं छत सहा मीटर उंच. चुना नाही, काही नाही. दगडावर दगड थोडा थोडा पुढे सरकवत नेलाय. आत निदान पाच माणसांची हाडं सापडली, बरीचशी जळालेली.

आता दाराच्या वर बघा. हा झरोका. बोळाची जमीन आत जाताना चढत जाते, जवळजवळ दोन मीटर. म्हणजे दारातून शिरलेला उजेड वाटेतच अडतो. झरोक्यातला तेवढा खोलीपर्यंत पोचतो. तोही फक्त वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आगेमागे, सकाळी नऊच्या सुमाराला, सतरा मिनिटं.

इथे सूर्य आत येतो, असं गावकरी सांगतच होते. २१ डिसेंबर १९६७ ला ओ'केली पहाटे अंधारात जाऊन बसले आणि तो कवडसा त्यांनी स्वतः पाहिला.

आता त्या सकाळी आत जायला सोडत निघते. हजारो अर्जांतून मोजक्यांचा नंबर लागतो. आणि आयर्लंडचा डिसेंबर म्हणजे ढग आलेच. नंबर लागलेली माणसं काळोखात उभी राहतात, घड्याळ बघतात आणि पुन्हा अंग चोरत बाहेर येतात.