रिकामा डेक: शिडाच्या यॉटवरची शांतता येते कुठून?

[दृश्य: फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं सेंट-ट्रोपेचं बंदर, सकाळ. ड्रोन हळूहळू खाली येतो.]

आधी हा डेक नीट बघून घ्या. शंभर फुटांच्या आसपासची शिडाची यॉट आहे, आणि डेकवर दिसतंय काय? सागवानाच्या फळ्या, सुकाणूची दोन चाकं आणि मधे डोलकाठी. दोराचं एक वेटोळं नाही, पायाला ठेचकाळेल असं काही नाही, अहो नांगरसुद्धा दिसत नाही. आता शेजारची बोट बघा, जुनी क्लासिक, साधारण तेवढीच लांब. तिच्यावर कप्प्या, विंच म्हणजे दोर गुंडाळून ओढायचे रहाट, दोरच दोर आणि ते सांभाळायला माणसंच माणसं. तीही सुंदर आहे, वादच नाही. पण आज आपण आलोय ते पहिल्या बोटीसाठी, कारण लक्झरी प्रवासात आज 'वेलनेस' म्हणून जे काही विकलं जातं ना, त्यातला खरा भाग मला या रिकाम्या डेकवर दिसतो.

दर वर्षी सप्टेंबर संपता संपता इथे शर्यती होतात, आणि त्यात या बोटींचा स्वतःचा एक वर्ग असतो. वाली. होय, कंपनीचं नाव वाली.

[दृश्य: खाडीत काळी शिडं, बोट एका अंगावर कललेली.]

गोष्ट सुरू होते १९९१ ला. लुका बासानी हा इटालियन माणूस, विजेचे स्विच आणि सॉकेट बनवणाऱ्या बीटिचिनो कंपनीच्या घरातला, लहानपणापासून शिडाच्या बोटींवर वाढलेला. त्या काळी मोठी बोट घ्यायची तर दोनच पर्याय होते. एक म्हणजे शर्यतीची, जी पळते जोरात पण तिच्यावर दहा-पंधरा दमदार माणसं लागतात आणि घरच्यांनी कोपऱ्यात अंग चोरून बसायचं, किंवा मग आरामाची, जड, वारा असूनही इंजिनावर जाणारी. बासानीला दोन्ही एकाच बोटीत पाहिजे होतं, म्हणजे वेग हवा, पण बायको-मुलांना घेऊन दोन-चार माणसांत निघताही आलं पाहिजे. तशी बोट बाजारात नव्हती, मग त्याने लुका ब्रेंटा या डिझायनरला धरून स्वतःसाठीच बनवून घेतली, ८३ फुटी, नाव 'वालीगेटर', हे कार्टूनमधल्या मगरीचं नाव. कंपनी त्यानंतर, १९९४ ला.

ते ८३ फूट म्हणजे केवढं ते सांगतो. एकट्याने मोठी शिडाची बोट चालवणं काय असतं हे आपल्याला कॅप्टन दिलीप दोंदे यांच्यामुळे माहीत आहे, २००९-१० मध्ये ते 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीला फेरी मारून आले, आणि ती बोट गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. ती ५६ फुटी. बोट लांब झाली की शीड मोठं होतं आणि दोरावरचा ताण त्याहून किती तरी जास्त वाढतो, हाताने ओढायचा विषयच संपतो.

[दृश्य: टॅक. बोट वाऱ्याला तोंड करते, शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातं. हा शॉट पूर्ण चालू द्या.]

हा शॉट आम्ही मुद्दाम कापलेला नाही. बोट वळली, पुढचं शीड आपोआप दुसऱ्या बाजूला गेलं, आणि सुकाणूवरच्या माणसाने चाक फिरवण्यापलीकडे काही केलं नाही. नेहमीच्या बोटीवर पुढचं शीड डोलकाठीच्या मागेपर्यंत येतं, त्यामुळे प्रत्येक वळणाला एका बाजूचा दोर सोडायचा, शीड डोलकाठीला वळसा घालून दुसरीकडे आणायचं आणि तिथला दोर विंचवर घालून ओढायचा, मोठ्या बोटीवर हे चार-सहा जणांचं काम. वालीने पुढचं शीड आखूड केलं, डोलकाठीच्या पुढेच संपणारं, आणि त्याचा दोर आडव्या पट्टीवरच्या गाड्याला बांधला. वारा बदलला की गाडा आपला सरकतो. हे तंत्र छोट्या बोटींवर आधीपासून होतं, बासानीने ते एवढ्या मोठ्या बोटीवर आणायची हिंमत केली.

पण शीड आखूड केलं की ताकद कमी होते. ती भरून काढायला मागचं मुख्य शीड मोठं, त्यासाठी डोलकाठी उंच, आणि उंच डोलकाठी जड असेल तर बोट कलणार, म्हणून कार्बन फायबर. ते अ‍ॅल्युमिनियमपेक्षा हलकं आणि ताठ. मग डोलकाठीच्या आडव्या भुजा मागे वळवल्या, म्हणजे मागून ताणून धरणारे ते दोन दोर, जे प्रत्येक वळणाला एक सोडून दुसरा आवळावा लागतो आणि चुकलं तर डोलकाठीच मोडू शकते, त्यांची गरजच संपली. म्हणजे बघा, एक गोष्ट काढायची म्हणून दुसरी बदलली, दुसरीमुळे तिसरी. हा डेक रिकामा 'दिसावा' म्हणून कोणी झाकलेला नाहीये, एकेक गोष्ट खरोखर अनावश्यक करत आणलेली आहे आणि माझ्या लेखी खरं मिनिमल डिझाइन एवढंच. नुसता पांढरा सोफा ठेवून मिनिमल होत नाही.

[दृश्य: डेकखालचा भाग, टॉर्चच्या उजेडात.]

आणि जे काढता आलं नाही ते इथे खाली आहे. मुख्य शिडाचा दोर डेकमधल्या भोकातून खाली येतो, हा लांब हायड्रॉलिक सिलिंडर आणि या कप्प्या तो ओढतात, वर सुकाणूपाशी फक्त एक बटण. नांगर पुढे खाली एका खोबणीत बसतो, लागेल तेव्हा आपल्या दांड्यावर बाहेर येतो. वर जेवढं शांत, खाली तेवढी गर्दी.

[दृश्य: बोटीची मागची बाजू उघडते, पाण्याला लागून फळी, कोणी तरी पाय सोडून बसलंय.]

१९९८ च्या 'टिकेटिटान'पासून मागची बाजू अशी उघडायला लागली. पाण्याच्या पातळीवरची गच्ची म्हणा. आज बहुतेक मोठ्या यॉटवर मागे 'बीच क्लब' असतो, त्याचं बरंचसं श्रेय मी तरी या बोटीला देतो. पुढे २००६ ला 'एसेन्स' आली, ४४ मीटर, ओडिल डेक या फ्रेंच आर्किटेक्टने आतली रचना केलेली, कडेला उंच कठडा आणि मधे अखंड मोकळा डेक, अनवाणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा. याच कंपनीने २००३ ला तीन गॅस टर्बाइनवर साठ नॉटने, म्हणजे ताशी साधारण ११० किलोमीटरने पळणारी मोटर यॉटही काढली होती, दिसायला जबरदस्त, पण तिचा शांततेशी संबंध नाही, म्हणून इथे घेतली नाही.

आता वेलनेस. नव्या मोटर यॉटवर सॉना आहे, हम्माम म्हणजे तुर्की वाफेचं स्नानघर आहे, मसाजची खोली आहे, बर्फाची खोलीसुद्धा असते. चांगलंच आहे, पण हे सगळं जमिनीवरच्या हॉटेलातही मिळतं हो. समुद्रावरच मिळेल असं काय आहे? झोपताना पलंगातून येणारी थरथर नसणं. मोटर यॉट नांगरलेली असली तरी एसीसाठी, खाऱ्याचं गोडं पाणी करण्यासाठी, स्वयंपाकघरासाठी जनरेटर चालू लागतो, रात्रभर. म्हणून हल्लीचे डिझायनर जनरेटर रबरी गादीवर बसवतात, केबिनची जमीन सांगाड्यापासून सुटी ठेवतात, लिथियम बॅटऱ्यांवर रात्र काढायचा प्रयत्न करतात. इटलीच्या सानलोरेंझो या यॉट बनवणाऱ्या कंपनीने २०२४ च्या 'आल्मॅक्स' या मोटर यॉटवर मेथेनॉलपासून हायड्रोजन काढून वीज करणारा फ्युएल सेल बसवला, शंभर किलोवॉटपर्यंत, म्हणजे नांगरल्यावर डिझेल जनरेटरशिवाय भागावं. मला हे कुठल्याही स्पापेक्षा मोठं वाटतं.

आणि शीड असेल तर दिवसा इंजिनही बंद. हे ऐका.

[दृश्य: निवेदन थांबवा. वारा आणि पाणी, वीस सेकंद.]

परिणामांचंही सांगितलं पाहिजे. या बोटी मूठभर श्रीमंतांसाठीच आहेत, डेकच्या म्यानमारी सागवानावर २०२१ पासून अमेरिका आणि युरोपचे निर्बंध आहेत, आणि नांगरांनी भूमध्य समुद्रातलं पोसिडोनिया गवत उपटलं जातं, म्हणून फ्रान्सने २४ मीटरच्या वरच्या बोटींना त्या गवतावर नांगर टाकायला बंदी केली आहे.

[दृश्य: संध्याकाळ, बोटी मागे मागे येत धक्क्याला लागतात.]

२०१९ ला वाली फेरेट्टी ग्रुप या इटलीच्या यॉट कंपनीकडे गेली. मोटर बोटी जास्त निघतात आता, शिडाच्याही बनतायत आणि त्या बनत राहाव्यात असं मला मनापासून वाटतं. आणि अजून एक वाटतं. आपोआप फिरणारं शीड, डेकखालून नेलेले दोर, मागची उघडणारी फळी, हे आज भाड्याने मिळणाऱ्या चाळीस-पन्नास फुटी बोटींवरही दिसायला लागलंय. चार मित्रांनी वर्गणी काढून आठवडाभर घ्यावी अशा त्या बोटी. बॅटरीवरची शांत रात्र अजून तिथे सगळीकडे पोचलेली नाही, ती यावी.