महूचं मत धारला का जातं?

नमस्कार, श्रोतेहो.

इंदूर जिल्ह्यात विधानसभेच्या ९ जागा आहेत. देपालपूर, इंदूर क्रमांक १ ते ५, राऊ, सांवेर आणि महू. इंदूरच्या लोकसभा मतदारसंघात मात्र यातल्या ८ च मोडतात. महू त्यात नाही. महूच्या माणसाला कलेक्टर कचेरीचं काम निघालं तर तो इंदूरला येतो, त्याची पोरं इंदूरच्या कॉलेजात शिकतात, दवाखान्यासाठीही त्याला इंदूरच गाठावं लागतं. लोकसभेला मत मात्र तो धारचा खासदार निवडायला देतो.

आमच्या नात्यातल्या एक मावशी इंदूरच्या रामबागेतलं घर सोडून मुलाकडे महूला राहायला गेल्या. तिथल्या यादीत रीतसर नाव घातलं. २०२४ च्या मे महिन्यात, मतदानाच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. "अगं, जिल्हा तर इंदूरच ना आमचा? मग मशीनवर धारची नावं कशी येणार?" इंदूर आणि धार, दोन्हीकडे १३ मेलाच मतदान होतं. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, निवडणुकीच्या ड्यूट्याही केल्या, त्यामुळे उत्तर मला ठाऊक होतं. पण ते फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. आज इथे ते सविस्तर सांगते.

सध्याचे मतदारसंघ २००१ च्या जनगणनेवर आखलेले आहेत. तेव्हा मध्य प्रदेशाची लोकसंख्या होती ६ कोटी ३ लाख. विधानसभेच्या जागा २३०. भागाकार केला तर एका आमदारामागे साधारण २ लाख ६२ हजार माणसं येतात. इंदूर जिल्ह्याची लोकसंख्या होती साडेचोवीस लाखांच्या जरा वर. तिला त्या सरासरीने भागलं की ९ आणि वर थोडं उरतं. म्हणून जिल्ह्याला ९ जागा मिळाल्या आणि राऊ हा नवा मतदारसंघ जन्माला आला.

आता लोकसभा. राज्याला खासदार २९. कायदा सांगतो की विधानसभेचा मतदारसंघ पूर्णच्या पूर्ण एकाच लोकसभा मतदारसंघात असला पाहिजे, त्याचे दोन तुकडे करता येत नाहीत. २३० जागा २९ खासदारांत वाटल्या की प्रत्येकाच्या वाट्याला ८ येतात, आणि दोघांना ७ वर भागवावं लागतं. ते दोन म्हणजे छिंदवाडा आणि सतना. इंदूरला ९ ठेवले असते तर कुठेतरी आणखी एक मतदारसंघ ७ वर आला असता आणि इंदूरचा भार सरासरीच्या फारच वर गेला असता. तेव्हा एक जागा बाहेर काढणं भाग होतं. शेजारच्या धार जिल्ह्यात ७ जागा होत्या, त्यांना आठवी हवी होती, आणि महू धारच्या हद्दीला लागून आहे. गणित जुळलं ते असं.

मला हे गणित चुकीचं वाटत नाही. पण महूच्या माणसाला ते कुणी समजावून सांगितलं नाही, याचं वाईट वाटतं. त्यात धारची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. म्हणजे महूचा बिगर आदिवासी नागरिक तिथे मत देऊ शकतो, पण लोकसभेला तिथून उभा राहू शकत नाही. यामागे कारण आहे. जमातींच्या राखीव जागा जिथे त्यांचं लोकसंख्येतलं प्रमाण सर्वांत जास्त असेल तिथे द्याव्यात, असं कायदा सांगतो. अनुसूचित जातींच्या बाबतीत जरा वेगळं आहे. प्रमाण तुलनेने जास्त असावं, पण जागा राज्यभर वेगवेगळ्या भागांत पसरलेल्याही असाव्यात. मध्य प्रदेशात जमातींसाठी ६ आणि जातींसाठी ४ लोकसभा जागा राखीव आहेत, आणि त्या चारांत आपल्या बाजूच्या देवास आणि उज्जैन अशा दोन आहेत.

हे सगळं ठरवतं कोण? अमेरिकेत बहुतेक राज्यांत राज्याचं विधिमंडळच राष्ट्रीय प्रतिनिधिगृहाचे मतदारसंघ आखतं. म्हणजे ज्या पक्षाचं बहुमत, त्याच्या हातात नकाशा. आपल्याकडे तसं नाही, आणि मी ही फार मोठी गोष्ट मानते. संसद कायदा करते आणि त्या कायद्याखाली एक आयोग नेमला जातो. आपली वर्तमानपत्रं त्याला परिसीमन आयोग म्हणतात. सगळ्या देशासाठी असे आयोग आजवर चार झाले, १९५२, १९६२, १९७२ आणि २००२ च्या कायद्यांनी. शेवटच्या आयोगाचे अध्यक्ष होते सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग. त्यांच्या जोडीला एक निवडणूक आयुक्त आणि त्या त्या राज्याचा राज्य निवडणूक आयुक्त. राज्यातले ५ खासदार आणि ५ आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात. ते बोलू शकतात, वेगळी सूचना मांडू शकतात, पण त्यांना मत नाही आणि आदेशावर सहीही नाही.

आयोग बसतो तेव्हा त्याच्यापुढे जनगणनेचे तक्ते असतात. खेड्यात सर्वांत लहान घटक पटवारी हलका, म्हणजे एका पटवाऱ्याकडे, तलाठ्याकडे, असलेला भाग, आणि शहरात महापालिकेचा वॉर्ड. मध्य प्रदेशाच्या आदेशात ओळीच्या ओळी अशाच आहेत. अमुक तहसील, अमुक राजस्व निरीक्षक मंडळ, त्यातले इतके इतके हलके. रस्त्याचं नाव नाही, कॉलनीचं नाव नाही. त्यातून आपल्याकडे एक घोळ झाला. त्या आदेशातले वॉर्ड त्या वेळचे आहेत. इंदूर महापालिकेचे वॉर्ड ६९ होते, पुढे आसपासची गावं शहरात आली आणि ते ८५ झाले. वॉर्डांच्या सीमा बदलल्या, विधानसभेच्या बदलल्या नाहीत. म्हणून एकाच वॉर्डातले शेजारी नगरसेवकासाठी एकत्र मत देतात आणि आमदारासाठी वेगवेगळ्या यादीत सापडतात, असं होऊ शकतं. केंद्रावर ड्यूटीला असताना मी असे कितीतरी लोक परत जाताना पाहिले आहेत. ऊन डोक्यावर, हातात चिठ्ठी, आणि "मागच्या वेळी तर इथेच होतं की माझं नाव!" मागच्या वेळी म्हणजे महापालिकेच्या वेळी.

क्रमांकांचीही एक पद्धत आहे. राज्याच्या उत्तरेकडून सुरुवात करायची आणि नागमोडी सरकत खाली यायचं. म्हणून मुरैना पहिला, ग्वाल्हेर तिसरा, इंदूर सव्विसावा आणि बैतूल एकोणतिसावा.

आयोगाचा आदेश राजपत्रात आला की तो कायदा होतो. तो लोकसभेपुढे आणि विधानसभेपुढे ठेवतात, पण त्यात कानामात्रेचाही बदल करायचा अधिकार त्यांना नाही. आणि कोर्ट? त्याचं उत्तर आपल्या माळव्यातूनच गेलेलं आहे. १९६४ च्या आदेशाने उज्जैनची लोकसभा जागा अनुसूचित जातींसाठी राखीव केली. मेघराज कोठारी नावाचे उज्जैनचे एक रहिवासी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले, तिथे याचिका फेटाळली गेली, मग सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ मध्ये निकाल लागला. राज्यघटनेचं कलम ३२९ सांगतं की मतदारसंघ आखण्याच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देता येणार नाही, आणि आयोगाचा प्रसिद्ध झालेला आदेश हा त्या कायद्याच्याच तोडीचा. प्रत्येक नाराज माणूस कोर्टात गेला तर निवडणुका वर्षानुवर्षं लटकतील, हा न्यायालयाचा विचार होता. देशभर मतदारसंघांच्या प्रत्येक वादात आज हाच निकाल पुढे येतो. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे दार थोडं किलकिलं केलं. आदेश उघडउघड मनमानी असेल, घटनेच्या मूल्यांना धरून नसेल, तर न्यायालय तो तपासू शकतं, असं म्हटलं. पण ते अपवादापुरतं.

आता मतांच्या वजनाकडे येते, कारण खरी दुखरी जागा ती आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं होतं की राजकारणात आपण एक माणूस एक मत आणि एक मत एक मूल्य हे तत्त्व मान्य करणार आहोत. बाबासाहेबांचा जन्म महूचा. ते तत्त्व प्रत्यक्षात उतरवण्यासाठी घटनेत कलम ८१ आहे. सगळ्या राज्यांत एका खासदारामागची लोकसंख्या शक्यतो सारखी असावी, आणि राज्याच्या आतही मतदारसंघ शक्यतो सारखे असावेत. कलम ८२ सांगतं की दर जनगणनेनंतर हे पुन्हा जुळवून घ्या.

तसं घडलं नाही. १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या. कारण रास्त होतं. कुटुंब नियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांचे खासदार कमी होणार आणि न घेणाऱ्यांचे वाढणार, हा न्याय नव्हता. २००१ पर्यंतची ही मुदत ८४ व्या दुरुस्तीने वाढवली आणि २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत जागा तशाच राहतील असं ठरवलं. २००८ पासून लागू झालेल्या पुनर्रचनेत राज्याच्या आतल्या रेषा हलल्या, पण राज्याच्या वाट्याच्या जागा हलल्या नाहीत. मध्य प्रदेशाच्या ४० पैकी ११ छत्तीसगडकडे गेल्या आणि २९ उरल्या, त्या राज्याच्या विभाजनामुळे.

परिणाम बघा. १९७१ ची देशाची लोकसंख्या ५४८ दशलक्ष, म्हणजे ५४ कोटी ८० लाख. ५४३ जागांनी भागलं की एका खासदारामागे सुमारे १० लाख. २०११ मध्ये हाच आकडा २२ लाखांवर गेला. आणि तो सगळीकडे सारखा नाही. केरळात एका खासदारामागे साडेसोळा लाखांच्या वर, तमिळनाडूत साडेअठरा लाख, आपल्या मध्य प्रदेशात २५ लाख, राजस्थानात २७ लाखांच्या वर. राज्याच्या आतही तेच. २०२४ च्या यादीत इंदूरला २५ लाखांहून जास्त मतदार होते आणि छिंदवाड्याला १६ लाखांच्या आसपास. छिंदवाड्याच्या दोन मतदारांचं वजन जवळजवळ इंदूरच्या तिघांइतकं. शहर वाढत गेलं आणि रेषा जागच्या जागी राहिल्या, त्याचा हा हिशोब. २००१ ते २०११ या दहा वर्षांत इंदूर जिल्ह्यात ८ लाखांहून जास्त माणसं वाढली. २०११ चे आकडे धरून मघाचा भागाकार पुन्हा केला तर जिल्ह्याला ९ नव्हे, १० जागा येतात. आणि त्यानंतर बायपासच्या दोन्ही बाजूंना जे उभं राहिलं ते तर अजून मोजलंच गेलेलं नाही.

दक्षिणेच्या राज्यांना वाटणारी भीती मला खरी वाटते. लोकसंख्या आवरली म्हणून त्यांचा आवाज लहान व्हावा हे मला मान्य नाही. इंदूरला न्याय मिळावा म्हणून कोचीवर अन्याय व्हावा असं या गावातल्या कुणालाही वाटू नये. पण राज्याराज्यांतला हा प्रश्न सुटेपर्यंत राज्याच्या आतली असमानता तरी का सोसायची? ती कमी करायला केरळचा एकही खासदार हलवावा लागत नाही.

यातच स्त्रियांचा प्रश्न गुंतलेला आहे. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेत आणि विधानसभांत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव केल्या. पण त्या दुरुस्तीनंतरच्या पहिल्या जनगणनेवरून होणाऱ्या पुनर्रचनेला हे आरक्षण बांधलेलं आहे. इंदूरने सुमित्राताई महाजनांना १९८९ पासून सलग आठ वेळा लोकसभेवर पाठवलं. असं गाव देशात विरळा. बाकीच्या गावांतल्या बायकांना हे दार उघडायचं तर आधी जनगणना हवी आणि मग आखणी. जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ असा जाहीर झाला आहे. म्हणून गणनेसाठी माणूस दारात येईल तेव्हा त्याला घरातली सगळी माणसं मोजून द्या. भाड्याने राहणारा विद्यार्थी, कामाला ठेवलेली बाई, गावाहून आलेला मजूर, कुणीही सुटू नये. आखणी त्याच आकड्यांवर होते.

आणि आयोग येईल तेव्हा आपल्याला बोलायची जागा एकच, मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून अंतिम आदेश निघेपर्यंत. २००२ च्या कायद्यात हा मसुदा राजपत्रात छापून हरकती मागवायच्या आणि जाहीर बैठकीत लोकांना ऐकायचं, असं आहे. एकदा अंतिम आदेश निघाला की उज्जैनचं जे झालं तेच. म्हणून महूच्या मंडळींना, राऊच्या कॉलन्यांना, आपल्या मराठी मंडळांना आणि सहनिवासांना माझं सांगणं आहे की "आमच्यावर अन्याय झाला" एवढं लिहून पाठवू नका. आयोगापुढे असल्या अर्जांचे ढीग पडतात. कायद्याच्या कसोट्या ठरलेल्या आहेत. भूभाग सलग आणि आटोपशीर असावा, डोंगर-नदी यांसारख्या नैसर्गिक सीमा आणि प्रशासकीय हद्दी पाळाव्यात, दळणवळणाची आणि लोकांची सोय बघावी. त्या धरूनच लिहायचं. कोणता हलका किंवा कोणता वॉर्ड कुठून काढून कुठे घालायचा, त्याची जनगणनेतली लोकसंख्या किती, तो हलवल्यावर दोन्ही मतदारसंघ सरासरीच्या दहा टक्क्यांच्या आत राहतात का, आणि बदल्यात दुसरा कोणता भाग द्यायला आपण तयार आहोत. महूला इंदूरमध्ये यायचं असेल तर धारला आठवी जागा कुठून मिळेल, हेही त्याच अर्जात लिहावं लागेल. हलक्यांची यादी तहसील कचेरीत मिळते, वॉर्डांची महापालिकेत. बैठकीच्या दिवशी कागद घेऊन चार माणसं जा, आणि त्यात दोन बायका असू द्या.

नमस्कार.