वीणा खाली ठेवायची न्हाई

माईक येतोय का मागं? येतोय. बरं. आणि हे जे आत्ता स्पीकरमधून "हूँऽऽ" वाजायलंय ना, आपले साऊंडवाले घाबरून वायरी हलवायलेत, राहू द्या दादा, बंद करू नका, मला त्याच्यावरच बोलायचंय.

अध्यक्ष, वाचनालयाची मंडळी, आणि कॅरम अर्धवट टाकून मागं येऊन बसलेत ते सगळे. पत्रिकेवर विषय छापलाय, "गिटार, कॅसेट आणि एकसुरी संगीत : एक चिंतन". चिंतन मी दिलेलं नव्हतं, ते छापणाऱ्यानं टाकलं. मला ४० मिनिटं दिलीत. चाळीसच आकडा धरू, कारण मी एकच अल्बम ४० कॅसेटींवर भरलाय, म्हणजे ४० वेळा ऐकलाय, आणि ज्यानं वाजवला त्यानं सुद्धा इतक्यांदा ऐकला नसेल.

जुन्या लोकांना माझं दुकान आठवत असेल. "कॅसेट भरून मिळेल." वहीच्या फाडलेल्या पानावर गाण्यांची यादी आणायची, दोन दिवसांनी कॅसेट न्यायची. एप्रिल आला की भीमगीतं, आषाढात प्रल्हाद शिंदे, उरूस आला की कव्वाली, आणि लग्नसराईत नवरदेवाकडची यादी वेगळी, नवरीकडची वेगळी, दोन्हींत पहिलं गाणं मात्र एकच. पुढं सीडी आली, मग मोबाईलची चिप आली, दुकान गेलं. डबल डेक, म्हणजे एका कॅसेटवरून दुसरी भरायचं दोन खणांचं मशीन, मी विकला नाही. बायकोनं दोनदा भंगारवाला घरी बोलावून दाखवला, तरी नाही. बनी तो बनी, नहीं तो परभणी, आपण काय दुसरीकडं जाणार.

तर गेल्या दिवाळीनंतर जिंतूरकडचा एक पोरगा आला. पुण्याच्या कंपनीत कम्प्युटरचं काम, घरून चालतं म्हणून गावाकडं आलेला. म्हणला काका, कॅसेट भरून द्याल का, ४० नग. म्हणलं कशाची? म्हणे माझीच, एकट्यानं गिटार वाजवलीय, दोन गाणी आहेत. ४० कॅसेटीत दोनच गाणी? तर म्हणे ए बाजूला एक, बी बाजूला एक, तीस-तीस मिनिटांची. आणि म्हणे काका, हे सायकेडेलिक ड्रोन आहे. आता आमच्याकडं ड्रोन म्हणजे फवारणीचं आणि लग्नात शूटिंगचं. सायकेडेलिकला घरातून विचारणा झाली, सायकलचं काही आहे का. (हशा) न्हाई, ड्रोन म्हणजे एकच लांबच लांब धरलेला सूर, आणि सायकेडेलिक म्हणजे नशेत जसं डोळ्यापुढं सगळं वितळायला लागतं ना, महाशिवरात्रीला औंढ्याला ज्यांनी थंडाई जास्त घेतलीय त्यांना सांगायला नको.

पहिली कॅसेट लावली, रेकॉर्ड दाबलं, हेडफोन चढवला. हूँऽऽ. दोन मिनिटं थांबलो, हूँऽऽ. बंद केलं. वायर बदलली, तेच. स्पिरिट घेऊन हेड पुसलं, पिंच रोलर पुसला, कापसावर तपकिरी डाग आला तसं बरं वाटलं की चला, सापडलं. परत हूँऽऽ. मग झाकण उघडलं, अर्थिंगची तार खिडकीच्या गजाला बांधली, प्लग उलटा करून बघितला. दीड तास. आणि हा पोरगा शांत बसून दुसरा चहा प्यायलाय. शेवटी मी म्हणलं, बाबा, तुझ्या रेकॉर्डिंगमधेच हम आहे, लाईटची गुणगुण, सगळं वाया गेलं तुझं. तर म्हणला, "काका, तेच गाणं आहे."

झालं होतं काय, शेतीला लाईट रात्रीची, म्हणून रात्री मोटर चालू करायला हा आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घराकडं जायचा. आखाड्याशेजारी डीपी, म्हणजे लाईटचा ट्रान्सफॉर्मर. लाईट आपली ५० हर्ट्झची, पण डीपी गुणगुणते १०० वर, कारण आतलं लोखंड एका फेऱ्यात दोनदा ताणलं जातं. १०० हर्ट्झ म्हणजे पेटीवर खालच्या सप्तकातली पांढरी पाच आणि थोडं वर. त्यानं गिटारची तार त्या डीपीला जुळवली! तानपुरा सोडून महावितरणशी सूर लावणारा पहिलाच माणूस मी बघितला. आणि तार छेडायची न्हाई, खेळण्यातल्या गाडीची मोटर, तिला सायकलच्या ट्यूबची चिंधी बांधलेली, ती फिरत फिरत तारेला घासत राहते, आणि तो आवाज डिले पेडलमधून, म्हणजे वाजवलेलं जरा उशिरानं परत ऐकवणाऱ्या डबीतून, परत परत. सायकल निघालीच बघा शेवटी.

मग भरायला बसलो. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर चालते, ३० मिनिटाला जवळजवळ ८६ मीटर. हायस्पीडवर भरलं तर अर्धा वेळ, पण हायस्पीडला वरचा बारीक आवाज मरतो, आणि या संगीताची सगळी गंमत त्या बारीक झगमगाटात. म्हणून साध्या स्पीडवर, एक कॅसेट एक तास. रिकाम्या कॅसेटी ऑनलाईन मागवल्या होत्या, वर साठ लिहिलेलं आणि एक बाजू २७ मिनिटाला खट्. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, भांडून भांडून निम्म्या परत घेतल्या त्यानं, पण लेबलवर साठ लिहून सत्तावीस विकायचं ही काय रीत आहे का सांगा. गाण्यांच्या कॅसेटीत एखादं गाणं कमी बसलं असतं, चाललं असतं. हा तर एकच सूर, तो मधेच कापला की जिन्याची पायरी चुकल्यासारखं होतं.

पहिल्या पाच-सहा वेळा मला नुसती डीपी ऐकू आली. सातव्या-आठव्याला डुलकी लागली. बाराव्याला मात्र आत एक गंधार, म्हणजे सारेगमतला ग, ऐकू आला, स्वच्छ. मी पोराला फोन केला, अरे तू गंधार कुठं वाजवलास? म्हणला काका, वाजवलाच न्हाई, सगळ्या तारा सा आणि प. स्वयंभू गंधार तो! तानपुरा चांगला जुळला की षड्जाच्या, म्हणजे सा च्या पोटातून आपोआप निघतो तो, मूळ कंपनांच्या पाचपट. एका चिंधीतून आणि डीपीतून तो निघाला, आणि मी रात्री साडेबाराला एकटाच बसून हसायलोय.

त्यावरून आठवलं, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मी ११ वर्षांचा असेन. गावात सप्ताह. तुम्हाला माहितीच आहे, सात दिवस वीणा थांबत नाही, १६८ तास, पहारे लावलेले. आमच्या घराकडं रात्री दोन ते चार. चुलत्याला ताप, म्हणून आजोबांनी माझ्या गळ्यात वीणा घातली, पाया पडले माझ्या, म्हणजे वीणेच्या, आणि एकच म्हणले, खाली ठेवायची न्हाई. मी उभा. देवळात बारा-तेरा माणसं घोंगड्या घेऊन पसरलेली, मोठ्यानं घोरायलेली. खांबाला जरा टेकलो, बोट कधी थांबलं कळलं न्हाई. कळलं ते कशानं, तर सगळेच्या सगळे उठून बसले! एक म्हातारी ओरडली, काय झालं रं? वाजत होतं तोवर कोणाला जाग न्हाई, थांबलं तसं सगळं देऊळ जागं. पुढचे दोन दिवस गावात माझ्याकडं बघून लोक जांभई द्यायचे.

आणि बघा, सप्ताहाच्या पत्रिकेवर कीर्तनकारांचे फोटो, फेट्यासकट, आणि पहारेकऱ्यांची नावं तळाला बारीक टायपात. कीर्तनकाराला पाकीट, विणेकऱ्याला नारळ. सनई-चौघड्यातला सूर धरणारा घ्या, गाल फुगवून, नाकानं श्वास घेत नुसता षड्ज धरून बसतो, त्याचं नाव सांगा एकाचं तरी.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मुख्य विषय आता. (हशा)

तर पटापट. कॅसेट फिलिप्स कंपनीनं १९६३ ला बर्लिनच्या प्रदर्शनात आणली, लू ऑटेन्स नावाच्या इंजिनिअरची टीम, मूळ उपयोग बोलणं रेकॉर्ड करायचा. तिकडं अमेरिकेत ला माँट यंग १९५८ पासूनच लांबच लांब सूर लिहायचा, त्याच्या ग्रुपमधला जॉन केल व्हायोला घेऊन तोच सूर व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडमधे, म्हणजे रॉकमधे घेऊन गेला. १९७० ला किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला गेले, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य, आणि यंग आणि त्याच्यासारखाच संगीतकार टेरी रायली त्यांच्यापुढं शिकायला बसले. १९७२ ला इंग्लंडमधे रॉबर्ट फ्रिप गिटार घेऊन ब्रायन ईनो या संगीतकाराकडं गेला, ईनोनं दोन रेव्हॉक्स टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकच टेप दोन्हींतून ओवली, पहिल्यावर रेकॉर्ड, दुसऱ्यावर प्ले, दुसऱ्याचा आवाज परत पहिल्यात, टाळकरी मागून ओळ उचलतात तसा वाजवलेला सूर काही सेकंदांनी परत, त्याच्यावर नवा. १९७५ ला जर्मनीत मानुएल ग्योटशिंगनं तर पूर्ण अल्बम एकट्यानं, फक्त गिटार आणि इको. पोराकडं आज जे पेडल आहे त्यात तेच दोन रेव्हॉक्स, साबणाच्या वडीएवढ्या डबीत.

माझं म्हणणं एवढंच, या सगळ्यांनी कीर्तनकार काढून टाकला आणि विणेकऱ्याला पुढं आणून बसवलं. आणि ते कॅसेटवरच बरं, कारण फोनवर माणूस दहा सेकंदात पुढं ढकलतो, कॅसेट ढकलायची तर उठावं लागतं. एक बाजू म्हणजे अर्ध्या तासाचा पहारा. टेपचा स्वतःचा बारीक सूंऽऽ आवाज असतो तो वेगळा, मागं बसलेल्या सूर धरणाऱ्यासारखा. बी बाजू मला तितकी पटली न्हाई, शेवटी पोराला मोह झाला, सूर सोडून चाल वाजवायला लागला, मी त्याला तोंडावर सांगितलंय.

हो, उठतोच, अध्यक्षांचं भाषण राहिलंय. ४० पैकी ३७ गेल्या, बहुतेक पुण्या-मुंबईकडं, परभणीत तीन उरल्यात. ज्यांच्याकडं घरात जुनी कॅसेट पडलीय, मुंजीची, बारशाची चालंल, पण घरच्यांना विचारून, ती आणून द्या, भरून देतो. पैसे नकोत. तास लागंल, बसावं लागंल, चहा आहे. हायस्पीडवर करा मात्र कोणी म्हणू नका.