‘भिंत पावसाने पडली’ असे सांगून घरमालक सुटतो का?

नमस्कार. जुन्या घरांच्या दुरुस्तीवरील मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे, की त्याला स्वतंत्र उत्तर देणे भाग आहे: बागेची कुंपणभिंत रस्त्यावर कोसळून जाणारा-येणारा जखमी झाला, तर घरमालकाला जबाबदार धरता येते का?

येते. जखमी व्यक्ती दिवाणी न्यायालयात भरपाई मागू शकते. निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास इजेसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ आणि मृत्यूसाठी कलम १०६ लागू होऊ शकते. शिवाय, धोकादायक भिंत उतरवण्याची नोटीस महापालिका आयुक्त महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली देऊ शकतात. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. गाडी अडते ती पुढच्या वाक्यापाशी: ‘भिंत मी पाडली नाही, पावसाने पडली.’

या वाक्याचा मला खरोखर वैताग आहे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या एका निकालात नेमका हाच बचाव होता. पावसात भिंत कोसळून दोन मुले दगावली होती आणि त्या दिवशी २.६६ इंच पाऊस झाला होता. पावसाळ्यात एवढा पाऊस अपेक्षितच असतो, त्याला दैवी आपत्ती म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. गगनबावड्याकडचे ढग रोज पाहणाऱ्या कोल्हापूरकराने जुलैतल्या पावसाला अनपेक्षित म्हणावे, हे मला तरी पटत नाही.

‘पण आमची भिंत पुरात पडली,’ असे एका प्रेक्षकांनी लिहिले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती, तो पूर असाधारण होता, हे मान्य. तरीही अनेक भिंती पाणी चढताना टिकतात आणि ओसरल्यावर पडतात. कारण बाहेरच्या पाण्याचा आधार निघून जातो, आणि आतल्या बाजूला बागेसाठी टाकलेली भर मात्र ओलीच राहून भिंतीला रस्त्याकडे ढकलत असते. कुंपणासाठी बांधलेल्या भिंतीला तीन फूट माती टेकवली आणि पाणी निघायला भोके ठेवली नाहीत, तर दोष पुराचा किती आणि मातीचा किती, हे न्यायालय तपासणारच. सहा फूट उंच, दहा फूट लांब आणि नऊ इंच जाडीची विटांची भिंत सुमारे अडीच टन भरते. ती कोणाच्या अंगावर पडली तर काय होईल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

तिसरी बाजू माझ्याच घरातली आहे. शाहूपुरीतल्या एका बोळात माझ्या मामांची अशीच भिंत होती. आत मोगऱ्याचा वाफा, बाहेरून भिंतीला पोट आलेले. दर दिवाळीला फटीत सिमेंट भरून वरून चुना मारण्याचे काम माझ्याकडे असे आणि ते मी अभिमानाने करीत असे. एका रात्री भिंत बोळात आडवी झाली. सुदैवाने खाली फक्त एक सायकल सापडली. मामा म्हणाले, ‘पावसानं पडली,’ आणि मीही मान डोलावली. आज वकील म्हणून विचार करतो, तेव्हा लक्षात येते की मी भरलेली ती फट हाच आमच्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा ठरला असता: धोका आम्हाला दिसला होता आणि आम्ही तो झाकला होता.

‘आम्हाला फट दिसलीच नव्हती,’ असे म्हणूनही सुटका होत नाही. दिल्लीतील चांदणी चौकाचा घड्याळ मनोरा कोसळला, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली स्पष्ट केले, की रस्त्यालगतचे बांधकाम नादुरुस्त होऊन वाटसरूला इजा झाली तर धोका ठाऊक नव्हता, हा मालकाचा बचाव ठरत नाही. ‘भिंतीजवळ थांबू नये’ असा फलक लावून मोकळे झालो, असे मानणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की वाटसरूला त्या रस्त्याने जाण्याचा हक्क आहे आणि फलकामुळे उलट धोका तुम्हाला ठाऊक होता हेच सिद्ध होते.

तेव्हा गवंड्याला बोलावून भिंतीला ओळंबा, म्हणजे ती सरळ उभी आहे का हे पाहायचे दोरीला टांगलेले वजन, लावून घ्या. ती ओळंब्यातून गेली, म्हणजे कलली असेल, तर गिलावा न करता आधी आतली माती मागे ओढा, भिंतीबाहेरची जागा दोरी बांधून अडवा आणि पोट आलेला भाग उतरवून घ्या. शेजाऱ्यांनी पत्र लिहून भिंतीची तक्रार केली म्हणून रुसून बसलेल्या प्रेक्षकांना एवढेच सांगतो, की ते लेखी पत्र फाडू नका. तारखेसह जपून ठेवा आणि दुरुस्तीची पावती त्याच्या शेजारी लावा.