एकदाच लिहायची नोंद

ठाण्यातल्या एका वाचनालयाची ही दाखल नोंदवही. कापडी बांधणी, झिजलेले कोपरे. डावीकडे दाखल क्रमांक, मग तारीख, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, किंमत. जुन्या पानांवर निळी शाई, पुढे बॉलपेन. ग्रंथपालताई आज आलेली कादंबरी नोंदवताहेत. मग हेच सगळं संगणकात भरतील. आणि डोंबिवलीत, वाशीत, पनवेलला हीच कादंबरी कुणीतरी पुन्हा पहिल्यापासून नोंदवत असेल.

हे शहर पुस्तकं जपणाऱ्यांचं. १ जून १८९३ रोजी विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी इथे मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केलं. पुस्तकं जमवण्याची पुढची पायरी म्हणजे ती कुठे आहेत हे सगळ्यांना कळणं.

१९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ५४ कॉलेजं एकत्र आली. प्रत्येकाने तेच पुस्तक वेगळं कशाला नोंदवायचं? फ्रेड किल्गोर या ग्रंथपालाच्या पुढाकाराने नफा न कमावणारी सहकारी संस्था उभी राहिली, ओसीएलसी. २६ ऑगस्ट १९७१ ला ओहायो विद्यापीठाच्या ग्रंथालयाने पहिल्याच दिवशी १३३ पुस्तकं या सामाईक यादीत चढवली. एकाने नोंद करायची, बाकीच्यांनी तीच घ्यायची, फक्त 'आमच्याकडेही प्रत आहे' एवढी खूण जोडायची. या खुणांमुळेच कुठलं पुस्तक कुठे आहे ते दिसू लागलं, उसनं मागवता येऊ लागलं. संस्था ग्रंथालयांना तालिकापत्रं, म्हणजे एकेका पुस्तकाच्या नोंदीची कार्डं, छापूनही द्यायची. शेवटचं पत्र १ ऑक्टोबर २०१५ ला छापलं, तोवर संख्या १९० कोटींच्या घरात गेली होती.

या सामाईक यादीत मराठी पुस्तकंही आहेत. ती तिथे कशी गेली? घरातल्या मोठ्यांना पी. एल. ४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेला गहू आठवत असेल. त्या गव्हापोटी भारताने दिलेले रुपये अमेरिकेला भारतातच खर्चायचे होते. १९६२ पासून अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाच्या (लायब्ररी ऑफ काँग्रेस) दिल्ली कार्यालयाने त्यातून भारतीय भाषांमधली पुस्तकं घेतली, तिकडच्या विद्यापीठांना पाठवली. आपल्या रेशनच्या रांगेतून मराठी पुस्तक शिकागोला पोचलं!

म्हणून शिकागोतल्या विद्यापीठात कुठलं मराठी पुस्तक आहे, ते ठाण्यात बसून मोबाइलवर बघता येतं. कळव्यातल्या वाचनालयात ते आहे का, हे कळायला मात्र खाडी ओलांडावी लागते. हे मनाला लागतं.

अशी सामाईक यादी आपल्याकडेही करता येईल. ग्रंथालयांसाठीची कोहासारखी संगणक प्रणाली मोफत मिळते, तिच्यात देवनागरी चालतं. मेहनत लागेल ती नावांवर. एका वाचनालयात 'भावे, वि. ल.', दुसऱ्यात 'विनायक लक्ष्मण भावे', तिसऱ्यात नुसतंच 'भावे'. संगणकाच्या लेखी ही तीन माणसं. एकच रूप ठरवायला चार ग्रंथपालांनी एका टेबलाभोवती बसायला हवं, आणि दुसऱ्याने केलेल्या नोंदीवर विश्वास टाकायला हवा.

दुपारी एक आजोबा येतात. "ताई, हे पुस्तक आहे का हो?" कपाटात नाही. ताई फोन उचलतात, कळव्याला लावतात. पलीकडे कुणीतरी उठून बघायला जातं. आजोबा काउंटरला टेकून उभे आहेत.

"आहे म्हणताहेत. ठेवतील तुमच्यासाठी."

आजोबा पिशवी काखेत मारतात आणि पायऱ्या उतरतात.