प्री-मेड नावाचं मेजर नसतं हो!

नमस्कार मंडळी. एप्रिल उजाडला की आपल्या न्यू जर्सीतल्या मराठी घरांत एकच विषय असतो, पोरांची ॲडमिशनची पत्रं येऊन पडलेली असतात आणि एक मेच्या आत कुठल्यातरी एका कॉलेजला हो म्हणायचं असतं. त्यात पोरगं म्हणालं असेल की मला डॉक्टर व्हायचंय, तर मग बघायलाच नको, आई एका कॉलेजच्या बाजूने, बाबा दुसऱ्या, आणि भारतातून आजोबा फोनवर तिसऱ्याच.

माझ्या बाबांचा सांगलीहून फोन यायचा, "अगं चार वर्षं झाली ना कॉलेजची, मग पोरगी अजून डॉक्टर कशी नाही?" त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. तिकडे बारावी, नीट, की थेट एमबीबीएस, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांत हातात डिग्री. इथे आधी चार वर्षं साधं कॉलेज, मग चार वर्षं मेडिकल स्कूल, आणि त्यापुढे रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, तीन ते सात वर्षं. म्हणजे अठराव्या वर्षी जे कॉलेज निवडतो तिथे डॉक्टर होतच नाही कोणी, तिथे फक्त अर्ज करण्यापुरती तयारी होते.

आणि प्री-मेड, म्हणजे मेडिकलच्या अर्जाची तयारी, हे बहुतेक कॉलेजांत मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, नसतंच मुळी! काही ठरलेले कोर्स करायचे असतात, एक वर्ष बायोलॉजी, एक वर्ष जनरल केमिस्ट्री, मग ती बदनाम ऑरगॅनिक, फिजिक्स, सगळं लॅबसकट, वर बायोकेमिस्ट्री, थोडं स्टॅटिस्टिक्स, इंग्लिश. हे सांभाळून मेजर कुठलंही घ्या. माझ्या मुलीने अँथ्रोपॉलॉजी घेतलं तेव्हा आमच्या घरात आठवडाभर सुतक असल्यासारखं वातावरण, बाबांनी विचारलं "मानववंशशास्त्र? म्हणजे काय, माणसं मोजणार का?" मीही धुसफुसले, खोटं कशाला बोलू. पण आकडे बघितले तर बायोलॉजीवाले अर्ज सगळ्यात जास्त करतात एवढंच, निवड होण्याच्या प्रमाणात ह्युमॅनिटीजवाली मुलं त्यांच्या मागे नाहीत. आणि २०१५ पासून एमकॅटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, चार भागांपैकी एक अख्खा भाग सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीचा आहे, तिला त्यात तिच्या मेजरचा फायदाच झाला. आवडीचा विषय असला की मार्क येतात, आणि इथे मार्कच बोलतात. बायो, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्सचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, अर्जात वेगळा काढतात, आणि एखाद्या कोर्सात सी आली म्हणून तो परत केला तरी एमडीच्या (इथली मेडिकल स्कूलची मूळ डॉक्टरकीची डिग्री) अर्जात दोन्ही ग्रेड धरतात, पहिली पुसली जात नाही.

म्हणून नावाच्या मागे धावू नका असं मी म्हणते. जिथे पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीत तीनतीनशे पोरं आणि एकमेकांशी तुलना करून ग्रेड देणारा कर्व्ह असा की निम्मे गळालेच पाहिजेत, तिथे आपलं हुशार पोरगंही सरासरीत जाऊन बसतं, आणि स्वेटशर्टवर नाव कितीही मोठं असलं तरी पडलेला जीपीए त्याने झाकत नाही.

आता एक गंमत. आम्ही एका कॉलेजला कॅम्पस टूरला गेलो होतो, नाव सांगत नाही, तिथल्या बाईंनी छाती फुगवून सांगितलं की आमच्या अर्ज करणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं मेडिकलला लागतात. आम्ही भारावलो! परत येताना गाडीत मुलगीच म्हणाली, "आई, अर्ज कोणाला करू देतात ते विचारायला हवं होतं." आणि खरंच तिथेच तर मेख आहे. काही कॉलेजांत एक कमिटी असते, ती मेडिकल स्कूलला शिफारसपत्र देते, आणि जीपीए कमी असेल तर पत्रच देत नाही. मग उरतात फक्त टॉपची मुलं, टक्केवारी छानच दिसणार ना. देशभरात बघाल तर २०२३ च्या प्रवेशासाठी एमडीला साधारण ५२ हजार जणांनी अर्ज केले आणि जागा मिळाल्या सुमारे २३ हजार जणांना. तेव्हा नव्वद टक्के ऐकलं की विचारा, पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणून किती आले होते, आणि पत्र कोणाला नाकारता.

पैशाचंही बघा. खरा खर्च पुढे आहे, आणि १ जुलै २०२६ पासून मेडिकलसाठी नव्याने फेडरल कर्ज घेणाऱ्यांना वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर एवढीच मर्यादा. स्टेट कॉलेज स्कॉलरशिप देत असेल तर तो वाचलेला पैसा मेडिकलसाठी मागे ठेवा. बारावीतूनच थेट सीट देणारे प्रोग्रॅमही आहेत, ब्राऊन विद्यापीठाचा आठ वर्षांचा, मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेचा सहा वर्षांचा, पण जागा मोजक्या, आणि सतरा वर्षांच्या पोराला एवढ्या पुढचं बांधून घ्यायचं का ते ज्याचं त्याने ठरवावं.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यात आधी सांगायला हवी होती. घरात ग्रीन कार्ड नसेल, पोरगं एच-फोरवर, म्हणजे आई-बाबांच्या वर्क व्हिसाला जोडलेल्या डिपेंडंट व्हिसावर, असेल तर, बहुतेक मेडिकल स्कूल, त्यातही सरकारी, नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात, आणि एकविसाव्या वर्षी एच-फोर संपतो, म्हणजे ऐन कॉलेजात. आमच्या ओळखीत एका घरात हे तिसऱ्या वर्षी लक्षात आलं, तोवर एमकॅटची पुस्तकं घेऊन झाली होती. बाहेरच्या मुलांना घेणारी काही खाजगी स्कूल्स आहेत, पण थोडी, आणि फेडरल कर्ज तर त्यांना नाहीच. तेव्हा आज रात्री जेवणं झाली की कॉलेजची यादी नंतर काढा, आधी ग्रीन कार्डच्या रांगेतली आपली तारीख, म्हणजे प्रायॉरिटी डेट, कुठवर आलीय ती बघा.