पळी तळाला घाला

(दृश्य: अंगणवाडीचा ओटा, सकाळ)

बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगरातलं हे गाव. दिवाळी झाली आणि निम्म्या घरांना कुलपं लागली. कोयते उसाच्या फडावर गेले. मागे राहिली म्हातारी माणसं आणि काही लेकरं.

अंगणवाडीताई दीड वर्षाच्या लेकराच्या डाव्या दंडाला रंगीत पट्टी लावतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला तर तांबडा रंग, म्हणजे तीव्र कुपोषण. आज पिवळा आला, म्हणजे मध्यम कुपोषण. ताई पट्टी सोडून परत लावून बघतात. लेकराच्या दुसऱ्या मुठीत पाच रुपयांचा पुडा आहे, बोटं मसाल्यानं लाल झालीत.

“रडायलंय ना ताई, मग काय करू? पुडा दिला की गप बसतंय,” आजी म्हणते.

या आजीला बोल लावायला जीभ रेटत नाही. लेक आणि सून शेकडो किलोमीटरवर ऊस तोडतायत आणि हे लेकरू तिच्या एकटीच्या भरवशावर आहे.

(दृश्य: टपरीवर लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा)

पुड्यात पीठ, तेल, मीठ. पोट भरतं, भूक मरते, मग भाकरी नको होते. तोच पुडा शहरातल्या दहा वर्षांच्या पोराच्या हातात असतो. त्याला मैदान नाही, शिकवणीहून आला की मोबाइल. त्याचं पोट सुटतं, आणि रक्त मात्र दोघांचंही कमीच असू शकतं.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. शंभरातल्या जवळपास 69 बालकांना रक्तक्षय होता. जादा वजनाची मुलं 2015-16 च्या पाहणीतल्या 1.9 टक्क्यांवरून 4.1 टक्क्यांवर गेली होती. आकडा लहान आहे, पण चार-पाच वर्षांत दुपटीच्या वर गेला.

कुपोषण आणि जादा वजन हे दोन वेगळे आजार आहेत, असं आम्हालाही वाटायचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. आपली बाळं हडकुळी, तरी त्या मानानं अंगात चरबी जास्त. पोटात असताना उपाशी राहिलेलं शरीर पुढे मिळेल ते साठवू लागतं. अशा बाळाला मोठेपणी मधुमेहाचा धोका जास्त. म्हणून फडावरच्या गरोदर बाईचं ताट बघितल्याशिवाय लेकराच्या दंडाचं कोडं सुटत नाही.

2005 मध्ये राज्याचं राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन औरंगाबादेतूनच (आताचं छत्रपती संभाजीनगर) सुरू झालं. गरोदरपणापासून बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे हजार दिवस जपायचे, हे इथल्या ताईंना तोंडपाठ आहे.

(दृश्य: आजीची चूल)

हा मुलूख तुरीचा. या घरातही वरण शिजतं. आजी वरचं पातळ पाणी वाटीत घेते, लेकराला पचेल म्हणून. ताई तिच्याशेजारी बसतात.

“आज्जे, पळी तळाला घाला. डाळ खाली बसती.”

घट्ट वरण येतं. त्यात भाकरी कुस्करली जाते, वर चमचाभर तेल आणि शेंगदाण्याचं बारीक कूट. पहिला घास लेकरू थुंकून टाकतं. दुसराही. आजी पुड्याकडं बघते, मग ताईंकडं. तिसरा घास आत जातो.

फोन वाजतो. फडावरून सून विचारते, “जेवलं का?”

“खायलंय,” आजी सांगते, आणि चौथा घास कालवते.